इंडियन टाइड टेबल्स: शिडाच्या होडीवर तीन सीझन वापरल्यानंतरचा माझा अनुभव

सर्व्हे ऑफ इंडियाचं हे भरती-ओहोटीचं पुस्तक मी गेले तीन सीझन होडीवर ठेवतोय, आणि मांडव्याहून विजयदुर्गपर्यंत शिडावर जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी होकायंत्राइतकंच हेही जवळ ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ते वाचायचं कसं हे आधी कळायला हवं, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही.

आमची होडी 26 फुटी, खाली फिक्स कील, म्हणजे तळाला पक्की बसवलेली जड पाती, पाण्यात 1.4 मीटर उतरते. कोकणात ही 1.4 मीटरच सगळा प्रवास ठरवते, वारा नंतर. दिघी, जयगड, विजयदुर्ग इथे आमच्या मापाच्या होडीला कुठल्याही वेळी शिरता येतं. पण मधल्या लहान खाड्या, केळशी म्हणा, आंजर्ले म्हणा, मुखाशी वाळूने भरलेल्या, तिथे भरती बघूनच आत जायचं आणि भरती बघूनच बाहेर पडायचं, आणि चार नॉटने चालणाऱ्या होडीला मांडवा ते जंजिरा हे साधारण 30 सागरी मैलच सात-आठ तास लागतात, म्हणजे पोचायची वेळ आधी ठरवायची आणि तिथून उलटं मोजून नांगर कधी उचलायचा ते काढायचं.

पुस्तक घ्यायच्या आधी मी फोनवरचं एक टाइड अ‍ॅप वापरायचो, नाव घेत नाही. पौषातली अमावस्या होती, हर्णैच्या उघड्या बंदरात रात्र काढण्यापेक्षा आंजर्ल्याच्या खाडीत शिरू असं ठरलं. अ‍ॅपमध्ये आंजर्ले टाकलं तर छान आलेख आला, त्यावर दुपारी सव्वातीनला अजून अडीच मीटर भरती दाखवत होता. मुखावर पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटी संपताना, गुडघाभर पाणी असतं हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे अर्धा मीटर धरा, हिशोबाने तळाखाली दीड मीटर पाणी शिल्लक हवं होतं. प्रत्यक्षात आधी सुकाणू हातात थरथरलं, मग एक जड, मऊ धक्का बसला आणि होडी उभी राहिली, आणि ते ओहोटीचं पाणी, म्हणजे दर मिनिटाला कमीच होणार. अर्ध्या तासात होडी इतकी कलंडली की स्टोव्हवरची किटली घसरून खाली आली, तासाभराने कीलच्या बाजूला वाळूवरच्या वळ्या दिसायला लागल्या आणि माझा भाचा उतरून होडीभोवती घोट्याएवढ्या पाण्यात चालत होता. तरंगलो रात्री पावणेआठला, अमावस्येच्या काळोखात, कीलला काही झालंय का याची धाकधूक घेऊन.

अ‍ॅपने मुंबईचेच आकडे आंजर्ल्याच्या नावाने दिलेले होते हे घरी येऊन ताडून बघितल्यावर कळलं. मुंबईला उधाणाचं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, गोव्याला मुरगावला तेच दोन मीटरच्या आसपास येतं. जसं दक्षिणेला जाल तसा हा फरक कमी होत जातो. आणि भरती दक्षिणेकडून वर येते, म्हणजे मुरगावला आधी, हर्णैला नंतर, मुंबईला त्याच्याही नंतर. उंचीही चुकली आणि वेळही चुकली.

आता पुस्तकाबद्दल. त्यात मोठ्या बंदरांचे वर्षभराचे रोजचे आकडे आहेत, पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी किती वाजता आणि किती मीटर, वेळ सरळ भारतीय प्रमाणवेळेत. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची नोंद होतेय, त्यामुळे त्या पानावर माझा पूर्ण भरवसा आहे. हे आकडे नकाशातल्या खोलीत मिळवायचे असतात, कारण नकाशातली खोली अगदी उतरलेल्या पाण्याची असते. नकाशे नौदलाचं हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. ते डेहराडूनला आणि सर्व्हे ऑफ इंडियाही डेहराडूनला, डोंगरात बसून आपल्या खाड्यांचं पाणी मोजून देतात याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

आंजर्ले, केळशीसारख्या खाड्या पुस्तकात नाहीत, तो हिशोब आपण करायचा. मी मुंबई आणि मुरगाव दोन्ही पानं समोर ठेवतो, वेळ दोघांच्या मधली धरतो आणि भरतीची उंची मात्र कायम मुरगावची, म्हणजे कमी असलेली. मग पेन्सिलने मांडायचं: होडी 1.4, लाटेसाठी खाली अर्धा मीटर मोकळा, झाले 1.9, त्यातून मुखावरचा अर्धा मीटर वजा, म्हणजे 1.4 मीटर भरती असल्याशिवाय शिरायचं नाही. उधाणाच्या दिवशी पूर्ण भरतीच्या आधी-नंतर अडीच-अडीच तास मिळतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, पाणी मुळातच कमी चढतं, शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे त्या दिवशी कुठली भरती मोठी हे बघूनच निघायचं.

मधल्या तासांसाठी बाराव्या हिश्शाचा हिशोब पाठ करून टाका. सहा तासांत पाणी 1, 2, 3, 3, 2, 1 असं हिश्शांनी उतरतं. 2.4 मीटर उतरणार असेल तर पहिल्या तासात फक्त 20 सेंटीमीटर, दुसऱ्यात 40, तिसऱ्या-चौथ्यात 60-60. पहिल्या तासात वाटतं पाणी भरपूर आहे, अजून चहा घेऊन निघू, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. म्हणून मी आता चढत्या पाण्यावरच शिरतो, भरतीच्या दीड-दोन तास आधी, टेकलीच तर तेच पाणी उचलून घेतं.

त्या रात्री आम्हाला आत वाट दाखवायला आलेले एक म्हातारे तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) काका पहिलं वाक्य हेच बोलले, "अरे बाबांनो, आज अमावस्या, बारापर्यंत यायचं ना." त्यांचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची, ही भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा, अमावस्या पंधरावी धरून सव्वाअकरा. पुस्तकाशी ताडून बघितलं तर बहुतेक दिवशी तासाभराच्या आत बसतं, आणि हे ज्ञान फुकट आहे. पण त्यात वेळ कळते, मीटर कळत नाहीत, आणि कील असलेल्या होडीला मीटर लागतात.

पुस्तकात जे येऊच शकत नाही ते म्हणजे वाळू. मुखावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर बोटी आत-बाहेर करायला लागल्या की गावात जाऊन यंदा वाट कुठल्या अंगाने आहे हे विचारायचंच. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव संपला की तांडेल मंडळी मोकळी असतात, खूप आपुलकीने सांगतात. दुसरं म्हणजे लाट. आकडे चंद्र-सूर्याचे आहेत, वाऱ्याचे नाहीत. सकाळचा मतलई वारा शांत असतो, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा चढतो, दक्षिणेला जाताना तो पाठीवर घेऊन मजा येते, पण खाडीतून ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय आणि समोरून ही लाट येतेय असं झालं की मुखावर लाटा फुटतात, तिथे हिशोब बरोबर असला तरी जायचं नाही, सरळ जयगड गाठायचं. लाटेचा अंदाज इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था फुकट देते, रोज सकाळी बघा. रात्री शिरायचा तर विचारही नको, डोलीच्या जाळ्यांचे खांब आणि बोये दिसत नाहीत.

मागच्या सीझनला हर्णैच्या जेट्टीच्या पायरीवर मी खडूने दर अर्ध्या तासाला पाण्याची खूण केली, पूर्ण भरती माझ्या काढलेल्या वेळेच्या 15 मिनिटं आधी झाली आणि उंची हिशोबापेक्षा जरा जास्तच भरली, म्हणजे चूक झाली ती सुरक्षित बाजूला.

नुसतं मांडव्याहून गेटवेपर्यंत जाऊन येणाऱ्यांना किंवा सपाट बुडाची होडी असणाऱ्यांना एवढं लागणार नाही, तिथीवर भागेल. कील असेल तर घ्याच, चालू वर्षाचंच घ्या, मागच्या वर्षीचं कोणी देत असेल तर उपयोग नाही. माझी प्रत झिपच्या पिशवीत, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, आणि पहिल्या पानावर आंजर्ल्याचा त्या दिवसाचा सव्वातीनचा आकडा अजून तसाच लिहून ठेवलाय.