कॅन्सर डे-केअरच्या सोशल वर्कर मॅडम आणि नर्सेस, मनापासून थँक यू

केमो चालू, घरात लहान मुलं आणि कमावणारी मी एकटीच, त्यामुळे औषधांपेक्षा मुलांचीच धास्ती जास्त होती. इथल्या सोशल वर्कर मॅडमनी पहिल्याच भेटीत फाईल बाजूला ठेवून विचारलं, मुलांना काय सांगणार आहात? मला तर शब्दच सुचत नव्हते. मग त्यांनी नीट समजावलं की आजाराचं नाव लपवू नका, कॅन्सरच म्हणा, तो शिवल्याने होत नाही आणि तुमच्यामुळे झाला नाही हे आवर्जून सांगा, नाहीतर मुलं स्वतःलाच दोष देत बसतात. खरंच खूप आधार वाटला. मदतीचे फॉर्म पण त्यांनीच भरून घेतले, केमोच्या वेळा मुलांच्या शाळेप्रमाणे लावून दिल्या.

नर्सेस पण फार मायेच्या, शीर सापडत नसेल तर हात शेकून थांबतात, घाईने टोचत नाहीत, आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्री कितीही वाजू देत लगेच फोन करा म्हणून नंबर फाईलवर चिकटवून दिलाय, कारण केमोत पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधं इन्फेक्शन पण अंगाशी येऊ शकतं.

बिलिंगला मात्र फार वेळ जातो, तिथे सुधारणा हवीच. पदरात लहान मुलं असतील तर पहिल्याच दिवशी सोशल वर्करला भेटून घ्या, कुणी पाठवायची वाट बघू नका.