सेंट मार्टिनची एक दिवसाची गाईडेड टूर : आठ महिन्यांनी लिहिलेला अनुभव

परत आल्या आल्या लिहिलं असतं, तर फक्त विमानांबद्दल लिहिलं असतं. जानेवारीत आईला घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर गेले होते. आता आठ महिने झाले, आणि त्या एका दिवसातलं काय विसरले आणि काय अजून सोबत आहे, हे नीट सांगता येईल.

बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं. उत्तरेचा मोठा भाग फ्रान्सचा, दक्षिणेचा नेदरलँड्सच्या राज्यातला. ही वाटणी २३ मार्च १६४८ च्या तहाने झाली, आणि आज मध्ये ना फाटक, ना चौकी. आमची बारा जणांची मिनीबस सकाळी नऊला डच बाजूच्या फिलिप्सबर्गहून निघाली. बस चालवणारी बाईच गाईड होती, तिथलीच, साठीच्या आसपासची. तिने आईला पुढची सीट दिली आणि दिवसभर तिला 'मामा' म्हणत राहिली.

सीमेवर एक स्तंभ आहे, तहाला ३०० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९४८ साली उभारलेला. तिथे फोटोसाठी पाच मिनिटं थांबलो. गाईडने गोष्ट सांगितली : एक फ्रेंच माणूस आणि एक डच माणूस विरुद्ध दिशांनी किनाऱ्याने चालत निघाले, जिथे भेटले तिथे हद्द ठरली, डच माणूस जिन पीत होता म्हणून मागे पडला. ही दंतकथाच आहे, हेही तिने लगेच सांगून टाकलं. मला ते फार आवडलं. तेवढ्यात फोनने नेटवर्क बदललं. दोन्ही बाजूंचे देश-कोड वेगळे आहेत, त्यामुळे रोमिंगचं आधी बघून ठेवा. मला त्याचा भुर्दंड बसला.

फ्रेंच बाजूचं मुख्य गाव मारिगो, तिथे फोर्ट लुईवर चढलो. किल्ला १७८९ चा. पायऱ्या आईला जड गेल्या, पण वरून खाडी, त्यापलीकडे अँग्विला हे शेजारचं सपाट बेट आणि दुसऱ्या अंगाला सिम्पसन बे लगून असं सगळं एकदम दिसतं. जेवण फ्रेंच बाजूच्याच ग्राँ केस गावात, 'लोलो' म्हणतात त्या रस्त्याकडेच्या खानावळीत. कोळशावर भाजलेला मासा, भात-कडधान्य आणि जॉनी केक नावाची तळलेली जाड पुरी. आईने दोन मागून घेतल्या. फ्रेंच बाजूला चलन युरो, पण डॉलर सहज चालले.

विमानतळाच्या धावपट्टीला लागून असलेल्या माहो बीचवर मात्र दीड तास गेला. विमानं खरोखर डोक्यावरून उतरतात, पहिलं पाहताना छातीत धडधडलं. चौथ्यानंतर मी घड्याळ बघायला लागले. धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभं राहू नका, इंजिनाच्या झोताने माणूस फेकला जातो. तसे फलकही लावलेत. त्यानंतर फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या दुकानासाठी पाऊण तास. तिथली बरीच दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची आहेत, त्यामुळे आईला हिंदीत गप्पा मारायला मिळाल्या. पण पैसे टूरचे भरले होते, खरेदीचे नव्हे. कंपनीने हे आधी सांगायला हवं होतं.

आणि जिथे थांबायला हवं होतं, तिथे बस थांबलीच नाही.

फिलिप्सबर्गच्या मागे एक मोठं तळं आहे, ग्रेट सॉल्ट पाँड. खिडकीतून आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आगर आहे." आई उरणची, आगरी. तिचे वडील आयुष्यभर मिठागरात राबले; त्यांच्या तळव्यांच्या भेगा तिने लहानपणी तेल लावून चोळल्यात. मी गाईडला ते सांगितलं आणि तिने बसचा वेग कमी केला. डच लोक या बेटावर आले ते मिठासाठी, माशांना लावायला त्यांना मीठ हवं होतं. १६३१ मध्ये किल्ला बांधला तो त्यासाठीच. तळ्यात कमरेभर पाण्यात उभं राहून मीठ काढलं ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. मग तिने सीमेबद्दल जे सांगितलं, ते स्तंभापाशी सांगितलं नव्हतं. फ्रेंच बाजूला गुलामगिरी १८४८ मध्ये संपली, डच बाजूला कायद्याने १८६३ मध्ये. मधल्या काळात स्वातंत्र्य डोंगराच्या पलीकडे होतं, काही तासांच्या चालीवर, आणि लोक पळून गेले. आई गाईडच्या हाताकडे बघत ऐकत होती. तिला इंग्रजी सगळं कळत नाही, पण 'सॉल्ट' कळत होतं.

आज त्या तळ्याच्या मध्यावरच कचऱ्याचा डोंगर उभा आहे. चौकात मीठ काढणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत, बस त्यांना वळसा घालून निघाली. गाईडचा दोष नाही, तिचं वेळापत्रक ऑफिसात ठरलेलं होतं.

घरी आल्यावर मी त्या बेटाबद्दल वाचत राहिले. २०१७ च्या इर्मा वादळाच्या खुणा तिथे पाहिल्या होत्या, त्यांचा अर्थ नंतर लागला. दोन्ही बाजूंचे लोक ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिन दिवस एकत्र साजरा करतात, हेही नंतरच कळलं. आई उरणला परतल्यावर तिने मावशीला फोनवर विमानांचं सांगितलंच नाही. आगराचं सांगितलं.

पाचपैकी चार तारे देते, आणि ते चारही गाईडचे. जाणार असाल तर लहान बस घ्या, गाईड बेटावरचाच आहे ना ते विचारा, आणि बुकिंगच्या वेळीच लेखी मागा : माहोला अर्धा तास, सॉल्ट पाँडला अर्धा तास. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही बाजूंच्या व्हिसाच्या नियमांची वेगवेगळी चौकशी करा. फाटक नाही म्हणजे नियम एकच, असं नाही. वयस्क माणसांना फोर्ट लुईवर सकाळीच न्या, अकरानंतर तिथे सावली मिळत नाही.