नऊ महिने वापरून झाल्यावर: इंटिरिअरच्या खरेदीचं टूल आणि त्याचं लवकर सुरू होणारं घड्याळ

टूलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत, आणि याच प्रकारची आणखी दोन टूल्स आम्ही ट्रायलवर बघितली तेव्हा त्यांतही तेच घोळ दिसले. मग एकट्यालाच कशाला झोडपायचं? घेण्याच्या विचारात असाल तर ट्रायलमध्ये नेमकं काय तपासायचं ते कळावं, एवढ्यासाठी लिहितेय.

आमचं ऑफिस चौघांचं. दोघी डिझाइनर, एक जण साइट बघणारा, आणि हिशेब सांभाळणारी ताई. आधीची पद्धत सगळ्यांची असते तीच: प्रत्येक प्रोजेक्टची एक्सेल शीट, व्हॉट्सअॅपवर व्हेंडरचे फोटो, आणि उरलेलं माझ्या डोक्यात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हीच घ्या’ अशा तीन शीट एकाच फोल्डरमध्ये सापडल्या त्या दिवशी टूल घ्यायचं ठरलं.

पहिला आठवडा जुनी यादी आत ओढण्यात गेला. टूलमध्ये घेण्यासाठी शीट सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करायची असते, आणि एक्सेलने तिथे हात दाखवला. कापडाचा ‘०३-१२’ हा कोड तारीख होऊन बसला, टाइलच्या ‘००४७१’चे पुढचे शून्य गळाले आणि उरले नुसते ४७१. (यात आपण एकटे नाही. मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.) कोडचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. टूलच्या मदत-पानावर हे शेवटच्या ओळीत आहे, पहिल्या ओळीत हवं होतं.

आता जे उत्तम आहे ते. एक वस्तू एकदाच भरायची: फोटो, कोड, माप, फिनिश, खोली, व्हेंडर, खरेदीचा दर, आपला दर. त्याच कार्डावरून क्लायंटचं कोटेशन निघतं, त्याच कार्डावर मंजुरी मिळते, त्यावरूनच पीओ (व्हेंडरला जाणारी खरेदीची ऑर्डर) आणि शेवटी बिल. मंजुरीनंतर कार्डाला कुलूप लागतं. बदल करायचा तर नवीन रिव्हिजन काढावी लागते, आणि जुना पीओ लाल होतो. कपाटांची हँडलं ‘ब्रश्ड’वरून मॅट काळी केली तेव्हा ड्रॉइंग बदललं होतं, पीओ बदलायचा राहिला होता. पूर्वी हे खोका उघडल्यावर कळलं असतं. या वेळी सकाळी स्क्रीनवर लाल पट्टी दिसली आणि ताईने व्हेंडरला फोन केला. माल अजून निघायचा होता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे टूल पुन्हा घेईन.

खरी अडचण घड्याळाची आहे. पीओ पाठवला की टूल लीड टाइम, म्हणजे वस्तू तयार व्हायला लागणारा वेळ, मोजायला लागतं. सोफा ८ आठवडे, म्हणजे पीओच्या तारखेत ८ आठवडे मिळवायचे आणि ती तारीख कॅलेंडरवर टाकायची. पण सोफा बनवणारा पीओपासून मोजतच नाही. त्याचं घड्याळ सुरू होतं तीन गोष्टी हातात आल्यावर: अॅडव्हान्स जमा झाला, शॉप ड्रॉइंगवर (कारखान्याने बनवण्यासाठी काढलेल्या मापांच्या ड्रॉइंगवर) सही झाली, आणि कापड आपण देणार असू तर ते त्याच्या कारखान्यात पोहोचलं. तिन्हींतली जी सर्वांत उशिरा होईल, तिथून ८ आठवडे.

आमच्या पहिल्याच प्रोजेक्टमध्ये अॅडव्हान्स दुसऱ्या दिवशी गेला, सही आठवड्याने झाली, आणि कापड मात्र पाचव्या आठवड्यात पोहोचलं. कारण कापडाच्या व्हेंडरने कटिंग (कापडाचा छोटा नमुना) मंजुरीसाठी पाठवलं होतं आणि ते पाकीट माझ्याच टेबलावर, सॅम्पलच्या ढिगाखाली होतं. (चूक माझी, कबूल.) या पूर्ण काळात सोफ्याच्या कार्डावर हिरव्या अक्षरांत ‘उत्पादनात’ लिहिलेलं होतं. लाकडाची एक पट्टीही कापलेली नव्हती. आठव्या आठवड्यात टूलने तोच सोफा एकदम ‘उशीर’ म्हणून लाल केला, आणि क्लायंटला वाटलं की कारखानदाराने फसवलं. तो बिचारा वेळेतच होता.

मुळात हे टूल ज्याने बांधलं त्याच्या मनात एक वस्तू, एक ऑर्डर, एक स्थिती असा हिशेब दिसतो. ऑनलाइन मागवलेल्या चार्जरसाठी तो ठीक आहे. आमच्या कामात एका सोफ्याच्या मागे कापडाची ऑर्डर असते, कापडाची वाहतूक असते, पायांच्या पॉलिशचं सॅम्पल असतं, आणि यातली एक गोष्ट अडली की बाकी सगळ्या थांबतात. सहाव्या महिन्यात एका अपडेटमध्ये ‘यावर अवलंबून’ नावाची सोय आली. आता सोफा कापडाला बांधता येतो. कापड पोहोचल्याची नोंद होईपर्यंत सोफ्याचं घड्याळ थांबतं. मात्र अॅडव्हान्स आणि सही यांना बांधता येत नाही, कारण टूलच्या लेखी त्या ‘वस्तू’ नाहीत. मग आम्ही ‘सही’ नावाची शून्य दराची खोटी वस्तू तयार करतो आणि सोफा तिला बांधतो. चालतं. फक्त क्लायंटच्या कोटेशनमध्ये ती ओळ लपवायला विसरायचं नाही. एकदा विसरलो, आणि क्लायंटने विचारलं, ‘सही फुकट देताय का?’

दुसरी मोठी तक्रार पडद्यांच्या कॅल्क्युलेटरबद्दल. आकड्यांसकट सांगते, कारण यात नवीन मुलं हमखास अडकतील. पडद्याची रुंदी ३.२ मीटर, चुण्यांसाठी २.२ पट, म्हणजे ७.०४ मीटर. कापडाचा पन्हा १३७ सेंटिमीटर. उंची दुमडपट्टीसकट ३.०५ मीटर. टूलने क्षेत्रफळ काढलं, पन्ह्याने भागलं आणि १५.७ मीटर सांगितले. आमच्या असिस्टंटने १६ मागवले. पण पडदा क्षेत्रफळाने शिवत नाहीत, पट्ट्यांनी शिवतात. ७.०४ भागिले १.३७ म्हणजे ५.१४, म्हणून ६ पट्टे. शिवाय कापडावर ६४ सेंटिमीटरचं रिपीट होतं, म्हणजे तेवढ्या अंतराने तीच नक्षी पुन्हा येते. शेजारशेजारच्या पट्ट्यांवरची फुलं जुळायची तर प्रत्येक पट्टा ३.२० मीटरचा कापावा लागतो, म्हणजे पाच रिपीट. ६ गुणिले ३.२० म्हणजे १९.२ मीटर. टूलमध्ये रिपीटसाठी रकानाच नव्हता.

कमी पडलेलं कापड म्हणून आणखी ३.५ मीटर मागवले. ते आले दुसऱ्या डाय लॉटमधून, म्हणजे रंगवण्याच्या वेगळ्या घाण्यातून. कोड तोच, नाव तेच, आणि ट्यूबलाइटखाली रंगही तोच. खिडकीशी धरल्यावर एक तुकडा किंचित पिवळट. टूलमध्ये दोन्ही खेपा एकाच ओळीत जमा झाल्या होत्या: ‘१९.५ मीटर, पूर्ण’. लॉट नंबर लिहायला जागा नाही, म्हणून कोणी लिहिलाही नव्हता. शेवटी पडदे शिवणाऱ्या काकांनी तोडगा काढला. १६ मीटरमधून बरोब्बर पाच पट्टे निघत होते. पाचवा मधोमध उभा चिरून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लावला आणि चुण्या जराशा विरळ ठेवल्या. २.२ पटऐवजी २.१ झाल्या असतील, कोणाच्या लक्षात आलं नाही. साडेतीन मीटर कापड आता आमच्या सॅम्पलच्या कपाटात आहे.

तेव्हापासून आमचा नियम: मीटर हाताने मोजायचे, टूलमध्ये फक्त उत्तर भरायचं, आणि कापड, वॉलपेपर, टाइल यांची दुसरी खेप वेगळ्या ओळीतच घ्यायची. टाइलला तर शेड (रंगछटा) आणि कॅलिबर (नेमकं माप) असे दोन नंबर खोक्यावर छापलेले असतात. ते वर्णनाच्या रकान्यात कोंबतो. सुंदर दिसत नाही, पण शोधता येतं.

गोदामातल्या स्टिकरबद्दल माझं मत बदललं. टूल प्रत्येक वस्तूसाठी क्यूआर कोड छापून देतं. तो व्हेंडरला पाठवायचा, त्याने खोक्यावर चिकटवायचा. मला वाटलं कोण चिकटवतंय. निम्मे व्हेंडर चिकटवतात, आणि तेवढ्यानेही गोदामातल्या दादांचा अर्धा दिवस वाचतो. स्टिकर फाटला, मळला तरी वाचता येतो. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला होता, कारखान्यातलं तेल-धूळ धरूनच. चूक-दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के कोड खराब झाला तरी माहिती निघते. स्कॅन केल्यावर टूल आधी फोटो मागतं, खोक्याचा आणि उघडल्यावर वस्तूचा, मगच ‘पोहोचलं’ करू देतं. सुरुवातीला दादा वैतागले. मग एका आरशाचं खोकं बाहेरून ठाकठीक आणि आत काच तडकलेली निघाली. आल्याच दिवशीचे, वेळेसकट फोटो असल्यामुळे नुकसानीचा दावा वाद न होता मंजूर झाला. आता कोणी कुरकुरत नाही.

वाहतुकीच्या अटींसाठी मात्र टूलकडे एकच चौकोन आहे: ‘वाहतूक समाविष्ट’, हो किंवा नाही. परदेशातून काही मागवत असाल तर हे अपुरं आहे. इन्कोटर्म्सच्या (आंतरराष्ट्रीय व्यापारात माल पोहोचवण्याच्या ठरलेल्या अटींच्या) २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत, आणि माल फुटला तर कोणाचा, हे अटीनुसार बदलतं. त्यातली एक्स-वर्क्स ही अट घेतली तर कारखान्याच्या दारातच जोखीम आपल्या अंगावर येते. आम्ही ती अट पीओच्या नावातच लिहितो.

क्लायंटला दिसणारं पान आम्ही दोन महिन्यांनी बंद केलं. त्यावर प्रत्येक वस्तूची स्थिती रंगासकट थेट दिसते, आणि विकणारे लोक डेमोमध्ये हेच सर्वांत जास्त मिरवतात. रात्री अकराला ‘ही खुर्ची कालपासून पिवळी का आहे’ असा मेसेज आला की मिरवणं संपतं. आता दर शुक्रवारी मी स्वतः चार ओळी लिहून पाठवते.

मराठीचं म्हणाल तर स्क्रीनवर छान दिसतं, पीडीएफमध्ये बोंब. ‘खुर्ची’मधला रफार सुटून ‘र्’ वेगळा पडतो आणि ‘निळा’ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाते. सुतारकाकांना पाठवलेली यादी त्यांनी फोनवर मलाच वाचून दाखवली, आणि मलाही ओळखता आली नाही. सपोर्टला सात महिन्यांपूर्वी कळवलंय. उत्तर दर वेळी तत्परतेने येतं, दुरुस्ती येत नाही. तोवर यादीचा स्क्रीनशॉट पाठवतो.

घेण्याआधी एक गोष्ट जरूर करा: ट्रायलमध्ये पाच-सहा वस्तू फोटोंसकट भरा आणि लगेच सगळं बाहेर काढून बघा. आम्ही हे सातव्या महिन्यात केलं. शीट मिळाली, पण फोटो, सह्या केलेली ड्रॉइंगं आणि व्हेंडरशी झालेला पत्रव्यवहार आतच राहिला. फोटोंच्या जागी लिंका होत्या, आणि त्या खातं चालू असेपर्यंतच उघडतात. वर्षाची मुदत तीन महिन्यांत संपतेय. मी नूतनीकरण करणार आहे, पण सध्या ताई रोज संध्याकाळी त्या दिवसाची ड्रॉइंगं आमच्या जुन्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवते.