एआयएस ॲप वर्षभर वापरलं: अण्णांची पेन्शन, पतसंस्थेचं व्याज आणि दिंडोरीची द्राक्षं

आधी मत सांगते, मग कारणं. आयकर विभागाचं 'एआयएस फॉर टॅक्सपेयर' हे मोफत ॲप प्रत्येक करदात्याच्या फोनमध्ये असावं. पण त्यात दिसणारा आकडा जसाच्या तसा उचलून रिटर्न भरू नये. या दोन्ही गोष्टी मी घरच्या कागदांवर पडताळून पाहिल्या आहेत.

मी अंबडला एका कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. पेन्शन, दोन बँकांतल्या एफडी, एका पतसंस्थेत ठेव आणि दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असा त्यांचा पसारा आहे. गेल्या एप्रिलपासून घरातली सगळी रिटर्नं मी बघते आणि हे ॲप महिन्यातून एकदा तरी उघडते.

एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण. नोव्हेंबर 2021 मध्ये ते पोर्टलवर आलं, मार्च 2023 मध्ये त्याचं ॲप. बँकेने दिलेलं व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडाची विक्री, कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स), बचत खात्यात वर्षभरात भरलेली 10 लाख किंवा त्याहून जास्त रोकड, 30 लाख किंवा त्यावरचा जमीन-घराचा दस्त, हे सगळं तुमच्या पॅनखाली एका जागी दिसतं. थोडक्यात, लोकांनी तुमच्याबद्दल विभागाला काय कळवलंय ते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण कळवणारा चुकू शकतो आणि काही जण कळवतच नाहीत.

ॲप सुरू करायला पॅन, मोबाइल आणि ईमेलवरचे ओटीपी आणि चार आकडी पिन लागतो. पीडीएफ उतरवून घेतली की ती पासवर्ड मागते: पॅन लहान लिपीत आणि त्याला लागूनच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मध्ये कुठेही टिंब किंवा रेघ नाही. अण्णांसारख्यांना फोनवर वाचण्यापेक्षा छापील कागद बरा. मी प्रिंट काढून दिली, त्यांनी जेवणाच्या टेबलावर पासबुकं मांडली आणि पेन्सिलने एकेका ओळीवर खूण करत बसले. त्या खुणांतूनच खरी गंमत बाहेर आली.

एका एफडीचं व्याज दोनदा दिसत होतं, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा बँकेने वेगळ्या कळवलेल्या माहितीत. सोबत जो सारांश असतो, टीआयएस, त्यात ते एकदाच धरलं होतं. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचावेत.

दुसरी नोंद मात्र गंभीर होती. आत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीच्या, एका ठेवीला बँकेने अण्णांचा पॅन जोडलेला. व्याजही अण्णांच्या नावावर, टीडीएसही. ॲपमध्ये प्रत्येक नोंदीवर प्रतिसाद देता येतो: माहिती बरोबर आहे, अंशतः बरोबर आहे, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, मान्य नाही. आम्ही 'दुसऱ्या पॅनची' निवडलं. 2024 पासून असा प्रतिसाद माहिती देणाऱ्याकडे पडताळणीला जातो आणि त्याने काय उत्तर दिलं हेही दिसतं. पण नुसतं बटण दाबून भागत नाही. टीडीएसचा पॅन बँकेलाच सुधारित विवरण भरून बदलावा लागतो. शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ती नोंद आत्यांच्या पॅनवर गेली. ज्येष्ठ माणसाला हे एकट्याने करायला लावणं मला अजिबात पटत नाही. बँकेने ठेव उघडतानाच पॅन नीट पाहायला हवा.

आता जे दिसलंच नाही ते. पतसंस्थेचं व्याज! आपल्याकडे पतसंस्थेत ठेव नसलेलं घर शोधावं लागेल, आणि बहुतेकांचा समज असा की टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही. अण्णांचाही होता. टीडीएस हा टॅक्स वसूल करण्याचा एक मार्ग आहे. तो कापला काय, न कापला काय, व्याज हे उत्पन्नच. ज्येष्ठांना बँकेच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 50 हजारांवरून 1 लाख झाली, त्यामुळे हा गैरसमज आणखी वाढणार. पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला मागून घेतला आणि तो आकडा हाताने रिटर्नमध्ये टाकला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेतीवर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे सगळ्यांना पाठ आहे. ते 5 हजारांच्या वर गेलं की रिटर्नचा सोपा फॉर्म, आयटीआर-1, चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. निव्वळ शेती उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर जमिनीचं क्षेत्र, पिनकोड, मालकीची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागतं. म्हणून सातबारा हाताशी ठेवा. आणि इतर उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ज्यावर टॅक्सच नसतो त्या रकमेपेक्षा, जास्त असेल, तर दर ठरवायला शेतीची रक्कम त्यात मिळवली जाते.

समजा 2025-26 मध्ये एखाद्याची नव्या करपद्धतीत करपात्र पेन्शन आणि व्याज मिळून 11 लाख, शेतीचे 5 लाख. एकूण 16 लाखांवर टॅक्स 1 लाख 20 हजार. त्यातून सवलतीचे 4 लाख आणि शेतीचे 5 लाख अशा 9 लाखांवरचा 30 हजार वजा. उरले 90 हजार. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी कलम 87अ ची सूट जास्तीत जास्त 60 हजार. म्हणजे 30 हजार भरायचेच, वर 4 टक्के सेस. 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे वाक्य बागायतदार पेन्शनरला लागू होईलच असं नाही. ॲप याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याने विभागाला कळवलेलेच नसतात. हे गणित सीएकडून एकदा समजून घ्या. त्यांची फी मला रास्त वाटली.

जमीन विकणाऱ्यांसाठी एक. 10 लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या आतली शेतजमीन कायद्याच्या नजरेत ग्रामीण राहत नाही. नाशिकची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 14 लाखांच्या पुढे होती. मखमलाबाद, आडगाव तर हद्दीतच. अशी जमीन विकली की भांडवली नफा मोजून त्यावर टॅक्स भरावा लागतो. आधीची दोन वर्षं ती कसत असाल आणि विकल्यावर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम 54ब खाली सुटका होते. व्यवहाराचा विसार घेण्याआधी हे विचारा, नंतर नव्हे.

ॲपच्या तक्रारीही आहेत. एप्रिल-मेमध्ये ते अर्धं रिकामंच असतं, कारण शेवटच्या तिमाहीची टीडीएस विवरणं आणि बँकांची वार्षिक माहिती भरायची मुदत 31 मे. जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म 16, म्हणजे पगार-पेन्शनवरच्या टीडीएसचा दाखला, हातात येतो, तेव्हा पुन्हा बघावं. घाईने मेमध्ये रिटर्न भरणाऱ्यांना मी थांबवते. म्युच्युअल फंडाच्या विक्रीत खरेदीची किंमत कधी कोरी, कधी अपुरी. फंड कंपनीचं भांडवली नफ्याचं विवरण वेगळं काढावंच लागतं. भाषा तर फारच कोरडी. आत्या दहावी पर्यंत शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या, पण 'प्रोसेस्ड व्हॅल्यू' (विभागाने छाननी करून धरलेली रक्कम) समोर त्या अडतात. हे सोपं करणं विभागाला अशक्य नाही.

याउलट एक सोय मनापासून आवडली. रिफंड अडकल्याचे, नोटीस आल्याचे मेसेज अण्णांना सारखे येतात. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, डीआयएन, असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो टाकून पत्र खरं की खोटं ते कळतं. अण्णा आता लिंक उघडत नाहीत, आधी क्रमांक विचारतात. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करायची हेही त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू, पण 2025-26 चं रिटर्न जुन्या 1961 च्या कायद्याखालीच भरायचं आहे. आत्यांचा टीडीएस आता त्यांच्याच पॅनवर दिसतोय आणि त्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे. म्हणून यंदा त्यांचंही रिटर्न भरणार आहे, कापलेले पैसे परत मागायला.