क्षयाची तपासणी: मॉन्टू की इग्रा?

अमेरिकेत कायम राहायला जाणाऱ्या कुटुंबातल्या लहान मुलांचीही क्षयासाठी तपासणी होते. सोलापुरात आई-वडील विचारतात, 'इथेच मॉन्टू, म्हणजे हातावर टोचून करायची तपासणी, करून घेतली तर?' पण व्हिसासाठी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांचाच अहवाल चालतो. भारतातून जाणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ते इग्रा ही रक्ताची तपासणी मागतात.

मला ही निवड पटते. मॉन्टूत हाताच्या कातडीत ०.१ मिली ट्यूबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन) टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. म्हणजे दुसरी खेप आलीच. या तपासणीसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला तीन दिवस मुक्काम परवडत नाही. शिवाय आपल्याकडे बाळांना जन्मतःच क्षयाविरुद्धची बीसीजी लस देतात. त्या लसीमुळे मॉन्टू काही वेळा उगाचच पॉझिटिव्ह दिसते आणि घर हादरून जातं. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही, रक्तही एकदाच द्यावं लागतं. खर्च मात्र जास्त.

एक गोष्ट दोन्हींना जमत नाही: जंतू शरीरात निपचित पडलेत की आजार सुरू झालाय, हे सांगणं. म्हणून पॉझिटिव्ह आल्यास छातीचा एक्स-रे काढतात. त्यात संशय आला तर थुंकीचे तीन नमुने घेतात, आणि कल्चरच्या (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) अहवालाला आठ आठवडेही लागू शकतात. विमानाचं तिकीट त्याआधी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती.