व्हीआयपी तिकीट काढून पाहिलेली ट्रान्सची रात्र आणि त्यातले खरे दोन तास

ट्रान्सच्या, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराच्या, मोठ्या शोला गेले होते. आधी निकाल सांगते, कारण तिकीट काढायचं की नाही एवढंच बघायला बरेच जण येतात. साऊंड चांगला, लाईट्स जबरदस्त, पाण्याची सोय ठीकठाक, बाथरूमची रांग सहन होईल एवढी. साधं तिकीट काढा, व्हीआयपी अजिबात काढू नका, आणि काहीही करून गेट उघडताना आत पोचा. पाचपैकी तीन स्टार, आणि ते तीनही वॉर्मअप केलेल्या, म्हणजे सगळ्यात आधी वाजवून रात्र सुरू करणाऱ्या डीजे मुलीमुळे.

आयोजक आणि हेडलायनर, म्हणजे रात्रीचा मुख्य डीजे, कोण ते लिहीत नाही, कारण गेल्या काही वर्षांत ज्या ज्या मोठ्या ट्रान्स शोला गेले तिथे थोड्याफार फरकाने हेच बघितलं.

तर वॉर्मअप. मी आत शिरले तेव्हा जेमतेम शंभरेक माणसं होती आणि हॉल हजारोंचा, त्यामुळे ओसाड वाटत होतं. पोस्टरवर तिचं नाव सगळ्यात खालच्या ओळीत, झूम करून वाचावं लागेल एवढं बारीक. मागची मोठी स्क्रीन तिच्या वेळेला बंद, लेझर नाही, धूर नाही, दोन निळे दिवे फक्त. हेडफोनच्या एका बाजूला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. सुरुवातही अगदी सावकाश, पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती किक, म्हणजे ढोलाचा ठोका, आणि खालच्या सुरांची बेसलाईन, सूर म्हणावा असं काही नाहीच, मग मागून कुठूनतरी एक पॅड, म्हणजे लांब तरंगणारा मऊ सूर, शिरला, आणि कधी शिरला ते कळलंच नाही, मला जाणवलं तेव्हा तो आधीपासून तिथेच होता. माझ्यासाठी ट्रान्स म्हणजे हे. एक ट्रॅक संपला कधी आणि दुसरा लागला कधी ते पायांना कळत नाही, डोक्यातली बडबड हळूहळू कमी होत जाते, आणि त्याला वेळ लागतो, वीस मिनिटं लागतात, चाळीस लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

तासाभराने एक मोठा ब्रेकडाऊन आला, म्हणजे किक थांबून नुसते सूर उरतात तो भाग. पुढे रेलिंगपाशी साठीच्या आसपासचे एक काका एकटेच डोळे मिटून उभे होते, दोन्ही हात छातीशी धरलेले. तिचं लक्ष त्यांच्याकडे गेलेलं मी बघितलं. किक परत यायची वेळ झाली आणि तिने ती येऊच दिली नाही, त्या सुरांचाच लूप धरला, तोच तुकडा पुन्हापुन्हा, आठ बार (चार ठोक्यांचा एक), परत आठ, परत आठ, आवाज दाबून धरणारा फिल्टर अगदी केसाएवढा उघडत उघडत. काकांनी डोळे उघडले तेव्हा तिने किक सोडली. हॉलमध्ये तोवर चारशे-पाचशे लोक झाले असतील आणि सगळे एकदम हलले. मला भरून आलं, आत्ता लिहितानाही येतंय.

मग मधले दोन डीजे. ठीक होते, एवढंच.

मग हेडलायनर, ज्यासाठी मी व्हीआयपी तिकीट काढलं होतं. व्हीआयपीचा प्लॅटफॉर्म स्टेजच्या बाजूला, म्हणजे स्पीकरच्या तोंडासमोर तुम्ही नसताच, बास नुसता घुमतो आणि वरचे सूर अर्धे हवेत विरतात, जास्त पैसे मोजून कमी ऐकायला मिळतं हे तिकीट विकताना कोणी सांगत नाही. एक मात्र झालं, तिथून त्याचे हात दिसत होते. आणि हात बहुतेक वेळ वर होते. त्याच्यासमोर एक छोटी स्क्रीन, तिच्यावर उलटं मोजणारं घड्याळ, साठ मिनिटांपासून खाली. प्रत्येक ट्रॅक दोन-अडीच मिनिटं, ब्रेकडाऊन, मग ताण वाढवणारा बिल्डअप, मग किक परत आदळते तो ड्रॉप, की लगेच पुढचा. ज्या ट्रॅक विनाइलवर आठ-आठ, नऊ-नऊ मिनिटांच्या असायच्या त्यांचा नुसता मधला गर काढून वाढायचा. एका जुन्या सुरावर तर अख्खा हॉल गायला लागला, शब्द नसलेला सूर, नुसतं आऽऽ आऽऽ, हजारो माणसं, आणि ते अजून अर्ध्यात होते तेवढ्यात वरून पुढचा ट्रॅक येऊन आदळला, कारण ज्वाळा त्या सेकंदाला उडायच्या होत्या. लोक गात होते हो! त्यांना अजून एक मिनिट दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने त्याच टूरच्या आधीच्या एका शोचा व्हिडिओ पाठवला. तोच क्रम, माईकवर त्याच जागी तेच वाक्य की आजची रात्र खास आहे, कॉन्फेटीही तिथेच. हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण यात एकट्या माणसाचा आळस नाहीये. स्क्रीनवरची चित्रं, लाईट्स, आग, सगळं टाइमकोडने, म्हणजे सेकंदासेकंदाच्या वेळेच्या खुणेने, ट्रॅकला बांधता येतं, आणि जेवढं पक्कं बांधाल तेवढा शो चकाचक दिसतो आणि तेवढंच डीजेच्या हातात कमी उरतं. काकांसाठी आठ बार जास्त धरायचे म्हटले तर तिकडे आग उडून मोकळी.

एक गोष्ट मी बरीच वर्षं मनात घोळवतेय ती इथे लिहून टाकते. सुपरस्टार डीजे ही भानगड ट्रान्सला एवढी चिकटली त्याचं कारण ट्रान्सच्या रचनेतच आहे असं मला वाटतं. टेक्नो या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रकारात किक फारशी थांबत नाही, लोक नाचतच राहतात. ट्रान्समध्ये ब्रेकडाऊनला किक जाते, पाय थांबतात, आणि हजारो माणसं एकाच वेळी मान वर करून बघतात. कुठे बघणार? स्टेजकडे. ती दोन मिनिटं ज्याने ओळखली त्याने हात वर केले, आणि सूर ज्याने कुणी बनवला असेल तो बाजूला राहून हात वर करणारा मोठा झाला. ब्रिटिश मासिक डीजे मॅगच्या टॉप १०० मतदानात २००२ ते २०१० सलग नऊ वर्षं पहिला नंबर ट्रान्सवाल्यांचाच, तीनदा टिएस्टो, मग दोनदा पॉल व्हॅन डाइक, मग चारदा आर्मिन व्हॅन ब्यूरेन. २००३ साली नेदरलँड्समध्ये आर्नेमच्या स्टेडियममध्ये एकट्या टिएस्टोसमोर पंचवीस हजारांच्या आसपास लोक होते, २००४ ला अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तोच वाजवत होता. मला त्या वेळी अभिमान वाटला होता आणि तो मी आज मागे घेणार नाही. आर्मिनचा रेडिओ शो २००१ पासून दर आठवड्याला चालू आहे, त्यातून मला जेवढी नवीन नावं सापडली तेवढी दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणजे प्रसिद्धी वाईट असं माझं म्हणणं नाही.

पण पैसा आला की तो मोजता येईल असंच काहीतरी विकत घेतो. एसएफएक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने २०१३च्या आसपास डीजेंना ट्रॅक विकणाऱ्या बीटपोर्ट या वेबसाइटपासून मोठ्या डच फेस्टिवल कंपनीपर्यंत सगळं खरेदी करायचा सपाटा लावला आणि २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. पोस्टरवरची नावं मोजता येतात, म्हणून एका रात्रीत बारा-बारा नावं कोंबतात आणि प्रत्येकाला तास मिळतो. तासात ट्रान्स कसा उभा राहणार? त्यात सरळ टोकच वाजवावं लागतं, मग प्रत्येक जण टोकच वाजवतो आणि रात्रभर नुसती टोकं ऐकून माणूस थकतो, चढ कुठे नाहीच.

माझ्या शेजारची मुलगी हेडलायनरच्या शेवटच्या ट्रॅकला रडत होती, तिचा तो पहिलाच शो होता आणि तिचं रडणं अगदी खरं होतं. तिच्याकडे बघून मला वाटत राहिलं की हिने गेट उघडताना यायला हवं होतं.

आता कामाचं. उभं राहायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे हॉलच्या मध्यावर जिथे साऊंड इंजिनिअर बसतो त्याच्या जरा पुढे, तो जिथे बसून सेट करतो तिथेच आवाज सगळ्यात नीट जुळलेला असतो. कानात इअरप्लग घाला, संगीतासाठीचे मिळतात ते, सूर दबत नाहीत. टाइमटेबल आदल्या दिवशी ॲपवर येतं, त्यात सगळ्यात लांब सेट कोणाचा आहे ते आधी बघा, नाव ओळखीचं नसलं तरी चालेल.

निघताना ती वॉर्मअपवाली मुलगी बाहेर स्वतःच बॅग उचलून गाडीची वाट बघत उभी होती. मी जाऊन लूपबद्दल सांगितलं तर तिने विचारलं, ते काका शेवटपर्यंत थांबले का? पुढच्या महिन्यात तिचा दीडशे माणसांच्या खोलीत सहा तासांचा सेट आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती एकटीच, त्याची दोन तिकिटं मी घरी पोचायच्या आत काढली.