इगुआनाच्या डोळ्यांपायी घेतलेलं सामान: आठ महिने वापरून

मागच्या जुलैत घेवड्याने डोळे मिटले ते नीट उघडायला आठवडा गेला. घेवडा म्हणजे आमचा हिरवा इगुआना, पाला खाणारा मोठा सरडा. वय सहा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेचार फूट. त्याच्या डोळ्यांपायी तेव्हापासून जे जे विकत घेतलं, त्यातलं काय कामाला आलं आणि काय उगाच घेतलं, ते लिहिते.

आम्ही वडगावात राहतो. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, जुलैत सलग कितीतरी दिवस ऊन पडत नाही. एरवी घेवडा गच्चीवर रोज तासभर उन्हात पसरलेला असतो. त्याला ते लागतंच, कारण उन्हातल्या यूव्हीबी किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. खिडकीतून आत आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. म्हणून ऑनलाइन एक यूव्हीबी बल्ब मागवला, सीएफएलसारखा पिळाचा. डब्यावर अंतराबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तो त्याच्या बसायच्या फांदीपासून वीतभर वर लावून टाकला.

चौथ्या दिवशी डोळे बंद. आधी वाटलं, कात टाकतोय. इगुआना कात टाकायच्या सुमाराला डोळे फुग्यासारखे बाहेर फुगवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव जातो, पण थोड्या वेळात डोळा जागेवर येतो. ते दुखणं नव्हे, जुनी कातडी सैल करायची त्याची युक्ती. या वेळी मात्र पापण्या सुजलेल्या, कडा लाल, आणि जास्वंदीचं फूल तोंडाशी नेलं तरी जीभ बाहेर नाही. जास्वंदीला नाही म्हणाला तेव्हा मी घाबरले.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी माग आहेत, तेव्हा आई म्हणाली सुताची तुसं गेली असणार. आजीने गुलाबपाणी काढलं. पलीकडच्या अज्जी दारातूनच "हल्लीगे एनायितु?" म्हणाल्या, तर पुण्याहून आलेली मावशी म्हणते, "हल्लीच नाही हो, चार दिवस झाले." कानडीत हल्ली म्हणजे पाल, अज्जी विचारत होत्या पालीला काय झालं, हे तिला नंतर सांगितलं.

मी स्वतः काय शहाणपणा केला? मेडिकलमध्ये जाऊन "डोळे आलेत" एवढंच सांगितलं आणि मिळाले ते थेंब आणले. दोन दिवस घातल्यावर बाटलीवरचं बारीक वाचलं: डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने तो भरून यायचा राहतो, जंतूंचं मात्र फावतं. डोळा बघितल्याशिवाय असले थेंब घालायचे नाहीत, माणसालासुद्धा. ते पैसे पाण्यात, आणि नशीब की पैसेच गेले.

जवळच्या पशुवैद्यांनी सरळ सांगितलं, "ताई, म्हशीचा डोळा असता तर आत्ता बघितला असता. याला कोल्हापूरला न्या." असा डॉक्टर मला आवडतो. घेवड्याला उशीच्या अभ्र्यात घालून खोक्यात ठेवलं आणि निघालो. सोबत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद. हिरवा इगुआना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंद लागते. शिवाय अर्ध्या लोकांना तो घोरपड वाटतो, आणि घोरपड पाळणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या कोगनोळी नाक्यावर कुणी खोक्यात डोकावलंच, तर हातात कागद असलेला बरा. सीमाभागातल्या माणसाला ही सवय शिकवावी लागत नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नारिंगी रंगाची कागदी पट्टी भिजवून डोळ्याला लावली आणि निळ्या उजेडात पाहिलं. ओरखडा असता तर तिथे हिरवं चमकलं असतं. नव्हता. मग त्यांनी विचारलं, "नवीन दिवा कधी लावला?" मी सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत चष्मा न लावता वेल्डिंग करणाऱ्या पोरांचे डोळे रात्री जसे चुरचुरतात, तसंच हे. बल्ब बंद करा, पिंजऱ्यात उजेड कमी ठेवा, दिवसातून दोनदा सलाइनने धुवा आणि पाच दिवस हे साधं वंगणाचं मलम. तिसऱ्या दिवशी डावा डोळा उघडला, चौथ्या दिवशी उजवा. सहाव्या दिवशी शेवग्याचा पाला ओरबाडून खाल्ला.

आता सामानाचं. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात उपयोगी निघाली: ०.९ टक्के निर्जंतुक सलाइनच्या ५ मिलीच्या प्लास्टिकच्या नळ्या. मोठी बाटली घेऊ नका, एकदा उघडली की ती निर्जंतुक राहत नाही. नळी फोडायची, वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी आणि घरी कालवलेलं मीठपाणी, दोन्ही नकोत. नळी आधी पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करते. गार थेंब पडला की घेवडा शेपटीचा फटका देतो, आणि तो फटका मनगटावर दोन दिवस दिसतो. अंगाभोवती पंचा सैल गुंडाळायचा आणि शेपटीला हात लावायचा नाही, ओढाताणीत ती तुटून हातात येऊ शकते. नंतर साबणाने हात धुवायचेच, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. त्याच्या टाळूवर मधोमध एक फिकट खवला आहे, तो खरोखरचा तिसरा डोळा. चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. वरून हात आला की त्याला घार आल्यासारखं वाटतं. मी पहिले चार दिवस वरूनच हात घालत होते आणि तो का बिथरतो म्हणून त्यालाच बोलत होते. आता बाजूने, त्याला दिसेल असा हात नेते आणि थेंब डोळ्याच्या कोपऱ्यात सोडते. निम्मी झटापट संपली.

दुसरी खरेदी म्हणजे सरळ लांब यूव्हीबी ट्यूब, फिटिंगसकट २,६०० रुपये. यावर कोणत्या जाळीतून किती अंतर ठेवायचं ते छापलेलं आहे. फांदीपासून फूटभर वर लावली, पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागावर, म्हणजे नको वाटलं तर तो सावलीत जातो. आठ महिन्यांत डोळ्यांची तक्रार नाही. तक्रार माझी आहे. ट्यूब दिसायला लख्ख पेटत राहते पण आतलं यूव्हीबी महिन्यागणिक उतरत जातं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. मोजायचं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मी गप्प बसले.

आर्द्रतेचा काटा हिवाळ्यात कामाला आला. जानेवारी-फेब्रुवारीत इथली हवा अशी सुकते की आमचेच ओठ फुटतात. घेवड्याला साठ टक्क्यांच्या वर ओल लागते, काटा पस्तीसवर. फेब्रुवारीत उजव्या पापणीला कातेची पातळ कड चिकटून राहिली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नखाने ओढायचा मोह होतो, ओढलं की पापणी फाटू शकते. सलाइनमध्ये भिजवलेला कापूस दिवसातून दोनदा नुसता टेकवला आणि सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यात पाणी फवारलं. तिसऱ्या दिवशी ती कड त्याने स्वतःच फांदीवर घासून काढली.

अ जीवनसत्त्वाचे थेंब मी घेतले आणि फोडलेही नाहीत. किडे खाणाऱ्या काही सरड्यांना त्याची कमतरता पडून डोळे सुजतात, हे खरं. घेवडा लाल भोपळा आणि पाला खाणारा, आणि जास्त अ जीवनसत्त्व अंगाला बाधतं. डॉक्टर म्हणाले, ठेवा बाजूला.

ट्यूब लावली ती तारीख पट्टीवर मार्करने लिहून ठेवली आहे, ९ ऑगस्ट. कंपनी वर्षभर चालेल म्हणते. पण वर्ष भरायचं ते ऐन पावसात, म्हणून मेअखेरीलाच नवी मागवणार आहे. तोवर गच्ची आहेच, आत्ता हे लिहितानाही तो तिथेच पसरलाय.